पटावरचे प्रश्न : निवांत चालीतला सापळा

प्रश्न : मी ऑनलाइन बुद्धिबळाचे दहा-दहा मिनिटांचे डाव खेळतो. ओपनिंगमधले, म्हणजे सुरुवातीच्या चालींमधले, बरेच सापळे पाठ केले आहेत. पण वजीर-घोडा घेऊन धावलो की समोरचा सावध होतो आणि शेवटी मीच अडचणीत येतो. मित्र म्हणतो, साधी, वाट पाहणारी चाल खेळ आणि त्याला चुकू दे. पण ओपनिंगमध्ये अशी चाल म्हणजे वेळ वाया घालवणंच ना?

उत्तर : मित्राचं अर्धं बरोबर आहे. नुसती वाट पाहणारी चाल ओपनिंगमध्ये खरंच वाया जाते. तुम्हाला हवी ती अशी चाल, जी सापळा नसता तरी तुम्ही खेळलाच असता.

१८९२ मधला ड्रेस्डेनचा टाराश-मार्को डाव लावून बघा. पांढरा टाराश, काळा मार्को, आणि ओपनिंग रुय लोपेझ नावाची. काळ्याने प्यादं डी६, उंट डी७, घोडा एफ६, उंट ई७ अशी भक्कम मांडणी केली होती (अक्षर म्हणजे उभी पट्टी, आकडा म्हणजे आडवी ओळ). पांढऱ्याचं कॅसलिंग (राजा-हत्तीची एकत्र चाल, राजा सुरक्षित करण्यासाठी) झालेलं. सातव्या चालीला टाराशने हत्ती ई१ वर आणला. ना शह, ना मारामारी. मार्कोने कॅसलिंग केलं, तुम्ही-आम्हीही तेच केलं असतं. पण ई४ चं प्यादं आता हत्तीच्या जोरावर होतं. टाराशने सी६ चा घोडा मारला, मग ई५ वर प्याद्याची मारामारी केली, वजीर बदलले आणि ई५ चं प्यादं उचललं. काळा बदल्यात ई४ चं प्यादं मारायला गेला, तर त्या पट्टीवर हत्ती आधीच बसलेला. सतराव्या चालीनंतर मार्कोने डाव सोडला. गंमत म्हणजे टाराशने हे सगळं विश्लेषण आधीच छापून टाकलं होतं!

काळ्याने कॅसलिंगऐवजी पांढऱ्याचं डी४ चं प्यादं मारलं असतं तर? पांढऱ्याचा घोडा डी४ वर येतो, हत्तीही योग्य जागी असतो, डाव छान चालू राहतो. सापळा निवडताना माझी पहिली विचारणा हीच असते : समोरचा फसला नाही, तरी माझी चाल चांगलीच राहते का?

याउलट कारो-कान या ओपनिंगमधली पांढऱ्याची वजीर ई२ ही चाल. पुढे काळ्याने जी८ चा घोडा एफ६ वर आणला की पांढऱ्याचा घोडा डी६, मात; ई७ चं प्यादं पिन झालेलं (मागच्या मोठ्या मोहऱ्यामुळे जागीच अडकलेलं) असल्यामुळे ते घोडा मारू शकत नाही. केरेस या खेळाडूने १९५० मध्ये असाच सहा चालींत डाव जिंकला. पण काळ्याने डी७ चा घोडा एफ६ वर नेला की सापळा संपला, आणि तुमचा एफ१ चा उंट तुमच्याच वजिरामागे कोंडलेला. ब्लिट्झमध्ये, म्हणजे अगदी झटपट डावांत, मजा म्हणून खेळा. मी मात्र शिकवत नाही.

सुरुवात काळ्या मोहऱ्यांनी करा. क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड या ओपनिंगमध्ये पांढरा चौथ्या चालीला उंट जी५ वर आणतो, तेव्हा बी८ चा घोडा डी७ वर ठेवा. पांढऱ्याला वाटतं, एफ६ चा घोडा पिन आहे, म्हणजे डी५ चं प्यादं फुकट. तो आधी प्याद्याने प्यादं मारतो, तुम्ही ई६ च्या प्याद्याने परत मारता, मग त्याचा घोडा डी५ वर तुटून पडतो. तुम्ही तो घोडा खुशाल मारा. त्याने तुमचा वजीर घेतला की उंट बी४, शह! आडवा टाकायला त्याच्याकडे फक्त वजीर उरतो. सगळा हिशेब झाल्यावर तुमच्याकडे एक मोहरा जास्त. आणि तो फसला नाही, तरी डी७ चा घोडा त्या ओपनिंगमध्ये तिथंच शोभतो.

एकच खबरदारी. हे सगळं पांढऱ्याने ई३ खेळलेलं नसेल तोवरच. ई३ झालं की शहाला त्याचा राजा ई२ वर सटकतो आणि तुमचा वजीर खरोखरच जातो. त्यामुळे पाचव्या चालीला ई३ दिसलं, तर सापळा विसरून उंट ई७ वर आणा आणि कॅसलिंगच्या तयारीला लागा.