गावातल्या गरीब मुलींच्या कलाशिक्षणासाठी अनुदान कुठून आणि कसं मिळवावं?

तुम्ही लिहिलंय की मंडळाला अनुदान मिळालं तर मुलींसाठी आठवडाभराचं नृत्य-नाट्य शिबिर घ्यायचं, पण पैसे मुलींच्या हातात द्यायचे नाहीत, घरचे खाऊन टाकतात. हे वाचलं आणि राहवलं नाही.

आधी योजना सांगते. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे. वय 18 ते 25, महिन्याला 5,000 रुपये, दोन वर्षं. पैसे सहामाही हप्त्यांनी येतात आणि लोककलाही त्यात बसते. 10 ते 14 वयाच्या मुलींसाठी सीसीआरटीची, म्हणजे केंद्राच्याच सांस्कृतिक प्रशिक्षण संस्थेची, वेगळी शिष्यवृत्ती आहे. नागपूरचं दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र गुरु-शिष्य परंपरा योजना चालवतं, तिथेही विचारा. पण पहिल्या शिष्यवृत्तीला गुरूकडे किमान 5 वर्षं शिकलेलं लागतं. आमच्या गडचिरोलीतल्या आरमोरी-वडसा पट्ट्यातली पोरगी भजनी मंडळात आणि दंडार, म्हणजे इथलं लोकनाट्य, ऐकून गाणं शिकते. तिनं दाखला कोणाचा आणायचा? आणि राज्य सरकारचं कलावंत मानधन सुरू होतं पन्नाशीनंतर!

आता माझं ऐका. आमच्या गावात एक पोरगी होती. भाऊबीजेनंतरच्या मंडईत, म्हणजे गावजत्रेत, ती गायला उभी राहिली की पाळण्याजवळची गर्दी मंडपाकडे वळायची. वडसाच्या एका नाटक कंपनीनं तिला गाण्यासाठी विचारलं. बाप नाही म्हणाला. गावानं ठरवून टाकलं की अब्रूचा प्रश्न असेल. मी त्याच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, जाऊन बसले तेव्हा खरं कळलं. बाप दुसऱ्याच्या शेतात ठेक्यानं धान करायचा, मायलेकी रोवणीच्या (धान लावणीच्या) गुत्त्याला, म्हणजे उक्त्या मजुरीला, जायच्या. तालमी दिवाळीच्या तोंडावर, म्हणजे हलका धान कापणीला आलेला. "तिच्या जागी विळा कोण धरन?" एवढंच तो म्हणाला.

त्याच वर्षी एका संस्थेनं आमच्या मंडळाला मुलींच्या कलेसाठी अनुदान दिलं होतं. समितीवर माझे भासरे, म्हणजे मोठे दीर. मंडप, बॅनर, नागपूरहून आलेले प्रशिक्षक, जेवणावळ, फोटो, सगळं झालं. ती पोरगी पहिल्या दिवशी दुपारपर्यंत थांबली आणि कापणीला निघून गेली. प्रमाणपत्र मात्र तिच्या घरी पोचवलं गेलं.

पुढच्या वर्षी मी बैठकीत अडून बसले. शिबिर नको, निवडक मुलींच्या खात्यात दर महिन्याला पैसे टाका. भासरे म्हणाले, "पोरीच्या हातात पैसे देशीन तं बापच खाईन." झालंही तसंच. पहिल्या पैशातून बापानं खताची उधारी फेडली. भासऱ्यांनी ते गावभर सांगितलं, आजही सांगतात.

अहो, उधारी फिटली म्हणूनच त्यानं पोरीला तालमीला सोडलं! तिची मजुरी भरून निघाली आणि तिचा वेळ मोकळा झाला. दिवाळीपासून होळीपर्यंत पूर्ण हंगाम ती गायली. पुढच्या हंगामात प्रयोगाचा दर तिनं स्वतः ठरवला. गरीब घरात गेलेला पैसा वाया गेला असं म्हणणाऱ्यांनी आधी त्या घराचा कापणीचा हिशेब मांडून दाखवावा. 2023 मध्ये झाडीपट्टीचे, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्याचे, नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा भासऱ्यांनी पेढे वाटले. झाडीपट्टीचा अभिमान आहे तर तिथल्या पोरीची मजुरी द्यायला हात आखडता का?

म्हणून तुमच्या अर्जात मजुरी-भरपाई असा खर्चाचा रकाना स्वच्छ लिहा. दुसरा रकाना सोबतीचा. नाटक रात्रभर चालतं, मुलीबरोबर जाणाऱ्या बाईला तिच्या जागरणाचे पैसे मिळाले पाहिजेत, नाहीतर चार प्रयोगांनंतर कोणी सोबत येत नाही. एखादा देणगीदार रोख मदतीला तयार नसतो, ते अर्जाआधीच विचारून घ्या. आणि हो, बाप दारूत घालणारा असेल तर गोष्ट वेगळी. तिथे खातं एकट्या मुलीच्या नावाचं हवं, मुलगी लहान असेल तर आईबरोबर. एकरकमी तर कोणालाच देऊ नका.

शिबिर घ्यायचंच असेल तर रोवणी आणि कापणी सोडून घ्या. उन्हाळ्यातही तेंदूपत्त्याचे, म्हणजे विडीची पानं तोडायचे, दिवस टाळा, तेव्हा तुमच्या निम्म्या मुली पहाटेच जंगलात गेलेल्या असतील.