पोटुशी असताना फिरायचं का? फिरा की!
अगं डॉक्टरांनी हो म्हटलंय ना, मग सासूबाईंनाही सोबत घे आणि खुशाल निघा. चौथा ते सहावा महिना सगळ्यात बरा, उलट्या बऱ्याच जणींच्या कमी झालेल्या असतात आणि पोटाचं ओझंही एवढं नसतं. सोलापूरहून अक्कलकोट जवळच, चाळीसेक किलोमीटर, सकाळी लवकर निघालं की ऊन चढायच्या आत दर्शन होतं, तुळजापूरला मात्र पायऱ्या आहेत आणि गर्दी लय, ते नंतर. सीटबेल्ट लावायचाच, खालचा पट्टा पोटाखालून, पोटावरून अजिबात नको, आणि मधेमधे उतरून पाय मोकळे कर. एप्रिल-मेमधे आपलं सोलापूर म्हणजे भट्टी, तेव्हा संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाकाठी दोघं नुसते बसलात तरी पुष्कळ. दवाखान्याची फाईल आणि पाण्याची बाटली हाताशी ठेव. बाईकवरून लांब नको, हे नवऱ्याला आत्ताच सांगून ठेव.