-जे८ दिलं की बिल्ड मधूनच फुटतं: एका रेसिपीतून निघणाऱ्या दोन फायली

तुमचं दुखणं चांगलंच ओळखीचं आहे. एकेरी मेक (सोर्स फायलींपासून प्रोग्राम बांधणारं साधन) नीट चालतं, '-जे८' (एका वेळी आठ कामं समांतर) दिलं की अधूनमधून 'पार्सर.एच' या हेडर फाइलमध्ये सिंटॅक्स एरर येते आणि पुन्हा चालवलं की सगळं सुरळीत. वर एका उत्तरात कुणी '.नॉटपॅरलल' (समांतर चालणंच बंद करणारी ओळ) सुचवलंय, ते कृपया टाकू नका. चूक तिथेच राहते, वेग मात्र जातो. सीआयवर (बिल्ड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेवर) रीट्राय लावून असे बिल्ड हिरवे करणाऱ्यांचा तर मला खरंच राग येतो.

घोळ मेकफाइलमधल्या या ओळीत आहे: 'पार्सर.सी पार्सर.एच: पार्सर.वाय' (कोलनच्या डावीकडे बनवायच्या फायली म्हणजे टार्गेट, उजवीकडे त्या ज्यातून बनतात ती फाइल). वाचताना वाटतं, बायसन (व्याकरणाच्या फाइलमधून पार्सरचा कोड बनवणारं साधन) एकदा चालेल आणि दोन्ही फायली देईल. मेकच्या लेखी मात्र हे दोन सुटे नियम आहेत, फक्त रेसिपी (चालवायची कमांड) सारखी. एकेरीत पहिल्या नियमानेच दोन्ही फायली ताज्या होतात, म्हणून दुसरा टळतो. समांतर चालवताना दोन बायसन एकाच वेळी त्याच फायली लिहू लागतात आणि तिसरा जॉब अर्धवट हेडर वाचतो.

जीएनयू मेक ४.३ पासून (२०२०) '&:' लिहिलं की दोन्ही टार्गेट एकत्र धरली जातात. पण जुनं मेक, उदाहरणार्थ मॅकओएसबरोबर येणारं ३.८१, इथे तक्रारही करत नाही; '&' हे तिसरं टार्गेट समजतं आणि मूळ घोळ तसाच राहतो. जुनी मशीन असतील तर पॅटर्न रूल ('%'च्या जागी कुठलंही नाव बसणारा नियम) वापरा: '%.सी %.एच: %.वाय', रेसिपी 'बायसन -डी -ओ $*.सी $<'. पॅटर्न रूलमध्ये सगळी टार्गेट एकाच रेसिपीची, हे पूर्वीपासून आहे.

तेवढ्याने भागणार नाही. कोणती फाइल कोणतं हेडर वापरते ते सांगणाऱ्या, कंपायलरच्या '-एमएमडी' पर्यायाच्या डिपेंडन्सी फायली पहिल्या बिल्डला नसतातच, त्यामुळे हेडर आधी तयार व्हायला हवं हे मेकला कळत नाही. ऑब्जेक्ट (कंपाइल होऊन निघणाऱ्या) फायलींना ऑर्डर-ओन्ली अट (हेडर आधी बनवा, पण ते बदललं म्हणून पुन्हा कंपाइल नको) घाला: '$(ओबीजेएस): | पार्सर.एच'. साधी अट घातली तर हेडर बदलताच सगळंच पुन्हा कंपाइल होईल. '.डिलीट_ऑन_एरर:'ही टाका, म्हणजे रेसिपी अपयशी ठरल्यावर अर्धवट फाइल ताजी म्हणून मागे उरत नाही.

तपासायला मेक ४.४ मधलं '--शफल' (कामांचा क्रम उलटापालटा करणारा पर्याय) उत्तम, प्रत्येक वेळी क्लीन करून. फुटलं तर एररच्या ओळीत सीड (तो क्रम ठरवणारा आकडा) छापला जातो; '--शफल=सीड' देऊन तोच क्रम पुन्हा मिळतो. मात्र ते '-जे१' वर चालवलंत तर सुटलेल्या डिपेंडन्सी सापडतील, दोन बायसनची टक्कर नाही. त्यासाठी '-जे'ही मोठा द्या.

हे सगळं जीएनयू मेकपुरतं. निंजा या दुसऱ्या बिल्ड साधनात एका बिल्ड ओळीतले आउटपुट मुळातच एकत्र असतात.