पक्षाघातानंतरची उदासी: सुया, गोळ्या आणि पुड्या

प्रश्न : बाबांना सहा महिन्यांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला. हात बराच सुधारलाय, पण फिजिओथेरपीच्या बाई आल्या की ते भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. शेजारी म्हणतात, मनाला लावून घेतलंय, अ‍ॅक्युपंक्चर करून बघा. करावं का? (लालबाग)

पक्षाघातातून वाचलेल्या साधारण तिघांपैकी एकाला नैराश्य गाठतं. त्यात मेंदूला झालेल्या इजेचाही वाटा असतो आणि अचानक परावलंबी होण्याचाही. तेव्हा बाबांना बोल लावू नका. पण वाटही पाहू नका, कारण व्यायाम सुटला की सुधारत आलेला हात पुन्हा आखडू लागतो. आधी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. केईएम तुम्हाला जवळच आहे, तिथे मानसोपचाराची ओपीडी असते.

अ‍ॅक्युपंक्चर जोडीला जरूर घ्या. चिनी वैद्यकानुसार अशा उदासीत यकृताची 'ची', म्हणजे प्राणशक्ती, अडकते. ती मोकळी करायला टाळूवरचा बाइहुई, दोन भुवयांमधला यिनतांग, मनगटाच्या आतल्या बाजूचा नेइग्वान अशा बिंदूंवर सुया लावतात. चीनमधल्या बऱ्याच अभ्यासांत त्याचा चांगला गुण दिसला आहे. मात्र त्यांतले पुष्कळसे अभ्यास लहान आहेत. शिवाय आपल्याला सुया लावल्यात हे रुग्णाला कळतंच, त्यामुळे गुण सुयांचा किती आणि मिळालेल्या मायेचा किती, हे सांगणं कठीण. एवढ्या पुराव्यावर मी कुणाचीही नैराश्यावरची गोळी थांबवणार नाही.

महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चर करणाऱ्यांची नोंदणी होते. नोंदणी क्रमांक विचारायला संकोचू नका. सुया नव्या, एकदाच वापरायच्या हव्यात. पेसमेकर असेल तर सुयांतून वीजप्रवाह देऊ नये, हे आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : आईला एस्सिटॅलोप्राम ही नैराश्यावरची गोळी सुरू करून दहा दिवस झाले, फरक शून्य. बंद करून सुया सुरू करू का? (मुलुंड)

नको. या गोळीचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. मध्येच सोडली तर चक्कर, चिडचिड, झोपमोड होऊ शकते. एक मात्र पाहा: वयस्कर माणसांत तिच्यामुळे रक्तातलं सोडियम उतरू शकतं. आई गुंगीत वाटली, बरळायला लागली, तर लगेच डॉक्टरांना कळवा.

प्रश्न : सासऱ्यांना अ‍ॅसिट्रॉम (रक्त पातळ करणारी गोळी) चालू आहे. ओळखीतल्या एकांनी 'मन प्रसन्न करणाऱ्या' चिनी जडीबुटीच्या पुड्या दिल्यात. नैसर्गिकच आहेत, देऊ का? (बोरिवली)

कृपा करून देऊ नका. मला सुयांपेक्षा या पुड्यांचीच जास्त धास्ती वाटते. चिनी औषधांत नेहमी असणाऱ्या दानशेन आणि दांग्वी या मुळ्या रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा परिणाम वाढवू शकतात, आणि मग रक्तस्रावाचा धोका. पुडीवर घटकांची नावंही नसतील, तर आत काय आहे कसं कळणार? एखादी पोटात गेली असेल तर डॉक्टरांना सांगून आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याची चाचणी) तपासून घ्या. हिरड्यांतून रक्त आलं, शौचाला काळं झालं किंवा डोकं जोरात दुखू लागलं, तर थेट कॅज्युअल्टी गाठा.

प्रश्न : मिस्टरांची वाचा गेली आहे. ते उदास आहेत हे ओळखायचं कसं? मध्येच विनाकारण रडतात. (दादर)

जेवण, झोप, नातवंडं आल्यावर चेहऱ्यावर काय उमटतं, यावर लक्ष ठेवा आणि लिहून काढा. वाचा गेलेल्या रुग्णांसाठी घरच्यांनी भरायची प्रश्नावलीही असते, ती डॉक्टरांकडे मागा. कारण नसताना येणारं आणि क्षणात ओसरणारं रडू हा बहुधा भावनांवरचा ताबा सुटल्याचा प्रकार असतो. त्यावर वेगळे उपचार आहेत. पण त्यांनी खुणेनंही 'आता पुरे झालं' असं सुचवलं, तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. रात्री-अपरात्री 14416 या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या मोफत क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं.