खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीतील नायट्रेट आणि फॉस्फेट जिवाणूंच्या साहाय्याने कमी करता येते का?

आपण विचारले आहे की, वर्षभर चाललेल्या २०० लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत नायट्रेट ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५० भाग) आणि फॉस्फेट ०.३ पीपीएम येत असेल, काचांवर व दगडांवर शेवाळ धरत असेल, तर जिवाणूंची तयार बाटली घ्यावी की काही जण करतात तसे व्हिनेगर घालावे. टाकीला प्रोटीन स्किमर (पाण्यात बारीक बुडबुडे सोडून सेंद्रिय घाण फेसाबरोबर कपात गोळा करणारे यंत्र) आहे की नाही, हे आपण लिहिलेले नाही, आणि सगळे उत्तर नेमके तिथेच अडते.

जिवाणू नायट्रेट-फॉस्फेट नाहीसे करतात, असे समजून पुष्कळ जण सुरुवात करतात. मीही तशीच केली होती. वास्तविक येथे जिवाणूंची दोन निराळी कामे चालतात. सेंद्रिय कर्ब (कार्बन; व्हिनेगर घालतात ते तो पुरवण्यासाठीच) मिळाला की पाण्यातील जिवाणू झपाट्याने वाढतात आणि वाढताना नायट्रेट व फॉस्फेट स्वतःच्या शरीरात ओढून घेतात. हे जिवाणू स्किमरच्या फेसाला चिकटून कपात जमा झाले आणि तो कप मोरीत रिकामा झाला, तरच ते द्रव्य टाकीबाहेर गेले असे म्हणता येते. तसे न झाल्यास जिवाणू मरतात, कुजतात आणि घेतलेले सर्व पाण्याला परत करतात. दुसरे काम दगडांच्या छिद्रांत आणि वाळूच्या खालच्या थरांत, जेथे प्राणवायू जवळजवळ पोहोचत नाही, तेथे चालते. तेथील जिवाणू नायट्रेटमधील ऑक्सिजन वापरतात आणि नायट्रोजन वायुरूपाने निघून जातो. फॉस्फेटला मात्र अशी हवेत निसटण्याची वाट नाही.

म्हणूनच व्हिनेगर घालणाऱ्यांचे नायट्रेट उतरते आणि फॉस्फेट रेंगाळते, किंवा फॉस्फेट शून्यावर येऊन नायट्रेट अडून बसते. समुद्रातील प्लवकांत (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांत) कर्ब, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचे प्रमाण अणूंच्या हिशेबाने १०६ : १६ : १ असते, हे समुद्रशास्त्रज्ञ रेडफिल्ड यांनी दाखवले. तोच हिशेब वजनात मांडला, तर १ पीपीएम फॉस्फेटमागे सुमारे १० पीपीएम नायट्रेट शोषले जाते. जिवाणूंचे प्रमाण याहून बरेच वेगळे असू शकते, पण अंदाजापुरते हे पुरते. आपले ०.३ फॉस्फेट संपेपर्यंत या मार्गाने जेमतेम ३ पीपीएम नायट्रेट जाईल. बाकीचे दगडांतील जिवाणूंवर आणि आपल्यावर. त्यामुळे आधी पाणी बदलावे. आठवड्याला एकदा ५० लिटर असे तीनदा बदलले, तर नवी भर सोडून ५० चे साधारण २१ होते. मिठाचा खर्च होतो खरा, परंतु बाटलीपेक्षा हा खर्च मला अधिक खात्रीचा वाटतो. फ्रोझन खाद्य गाळणीत धुऊन घालावे, आणि आरओचे पाणी वापरत असाल तर त्याचेही नायट्रेट एकदा तपासून पाहावे.

तयार बाटल्यांतही दोन जाती असतात. अमोनियाचे नायट्राइट व नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू नव्या टाकीसाठी उपयोगी. आपल्या वर्षभराच्या टाकीत ते आधीच भरपूर आहेत आणि नायट्रेट कमी करणे हे त्यांचे कामच नव्हे. त्यांना बीजाणू (प्रतिकूल काळात टिकणारे सुप्त रूप) धरता येत नाहीत, त्यामुळे उन्हाळ्यात कुरियरच्या गाडीत तापलेल्या बाटलीत त्यांतील किती जिवंत उरतात, याची मला शंकाच असते. बॅसिलस वर्गातील जिवाणू बीजाणूरूपात तग धरतात आणि तळाचा गाळ कुजवण्यास मदत करतात, मात्र पाण्यात कर्ब कमी असेल तर त्यांची संख्या फारशी वाढत नाही.

आता कर्बाविषयी. परदेशी मंडळी व्होडका घालतात. मी बडोद्यात राहतो. गुजरातेत दारूबंदी असल्याने तो प्रश्न आपोआप निकाली निघाला आणि मी किराणा दुकानातील पांढऱ्या, स्वाद न घातलेल्या व्हिनेगरवर आलो. ४० टक्के व्होडकात जेवढा कर्ब असतो, तेवढा मिळण्यासाठी ५ टक्क्यांचे व्हिनेगर सुमारे आठपट लागते. आपल्याकडील पुष्कळ बाटल्या ४ टक्क्यांच्या असतात, म्हणून लेबल वाचावे. १०० लिटरला रोज १ मिली, म्हणजे आपल्याला २ मिली, यापासून सुरुवात करावी आणि आठवड्याने तेवढेच वाढवावे. नायट्रेट उतरू लागले की वाढ थांबवावी, आणि ५ ते १० च्या दरम्यान आले की मात्रा हळूहळू निम्म्यावर आणावी. व्हिनेगरने पीएच खाली जातो, म्हणून ते सकाळी, दिवे लागल्यावर, स्किमरच्या जवळच्या प्रवाहात थेंबथेंब सोडावे.

घाई केल्यास काय होते, ते मी एका मे महिन्यात पाहिले. नायट्रेट हलत नाही म्हणून मी एका दिवसात मात्रा दुप्पट केली. दुसऱ्या दिवशी पहाटे टाकीतले पाणी तांदळाच्या धुवणासारखे झाले होते, पंपाच्या जाळीवर पांढरा बुळबुळीत पडदा आला होता आणि दोन्ही क्लाउनफिश पृष्ठभागाशी तोंड लावून होते. जिवाणूंनी रातोरात प्राणवायू ओढला होता, त्यात पाणी २९ अंशांवर, आणि गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवून आणि व्हिनेगर बंद करून दोन दिवसांत ते निवळले. मासे वाचले, एक प्रवाळ मात्र कडांनी पांढरे पडले. तेव्हापासून मी एप्रिल ते जूनमध्ये मात्रा वाढवीत नाही, आणि वीज जाण्याची भीती असेल त्या दिवशी मुळीच घालत नाही.

दोन्ही आकडे शून्यावर आणण्याचा हट्टही धरू नये. अशा उपाशी टाकीत डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्म एकपेशीय जीवांचे तपकिरी, बुडबुडे धरणारे चिकट थर येतात आणि ते शेवाळापेक्षा फार चिवट असतात. फॉस्फेट ०.०३ च्या खाली जाऊ लागले, तर आधी व्हिनेगर कमी करावे.

आपल्याकडे स्किमर नसेल, तर मी व्हिनेगर सुचवणार नाही. त्याऐवजी मागच्या कप्प्यात दिवा लावून कीटोमॉर्फा हे समुद्री शेवाळ वाढवावे आणि दर पंधरवड्याला मूठभर तोडून बाहेर टाकावे. त्या मुठीबरोबर नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही खरोखर टाकीबाहेर जातात.