उष्टं उचलेपर्यंत

चिरंजीव बाळास,
काकूचे अनेक आशीर्वाद.

परवा तू ओट्यावर बसून गेलास. चहा तसाच राहिला, वर साय धरली. उठताना एवढंच म्हणालास, "काकू, पैसे तर जमलेत, पण आता वाटतं कोजागिरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांसाठी खाण्याचा स्टॉल नकोच. आपण चालणाऱ्यांचं भलं करतोय की त्यांची वाट लावतोय, तेच कळेना." मी शेंगा भाजत होते, कढईवरनं हात काढता येत नव्हता, म्हणून गप्प बसले. पण रात्रभर तेच डोक्यात. फोनवर तू मला मध्येच तोडशील, म्हणून लिहिते.

अन्नदान चांगलं की वाईट, हे मी सांगत बसणार नाही. दारात आलेल्याला चतकोर दिल्याशिवाय तुझी आजी पानावर बसायची नाही. त्या घरातला तू. मी विचारते ते वेगळंच. वाढल्यावर तू तिथं थांबणार आहेस का? वाढलंस तर उष्टं उचलेपर्यंत थांबायचं. थांबणं होत नसेल तर वाढू नकोस. पत्रभर मी हेच म्हणणार आहे, कंटाळू नकोस.

तू अमेरिकेतली ती गोष्ट सांगितलीस. अ‍ॅपलाचियन ट्रेल, जॉर्जियापासून मेनपर्यंत, 14 राज्यांतनं जाणारी साडेतीन हजार किलोमीटरची पायवाट. तू त्यातले तीन आठवडे चाललास. एका ठिकाणी वाट डांबरी रस्त्याला मिळते, तिथं कुणी अनोळखी बाई गाडीची डिकी उघडून बसली होती. तिनं तुला थंड कोक आणि दोन उकडलेली अंडी दिली, आणि तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. अशा देणाऱ्यांना तिथं ट्रेल एंजल म्हणतात आणि त्या देण्याला ट्रेल मॅजिक. पुढं चार दिवसांनी झाडाखाली बर्फाची पेटी दिसली. बर्फ वितळलेला, आत दोन फुटके डबे, आजूबाजूला कागदं. माणूस कुणीच नाही. बरोबरचे काही जण चिडले. म्हणाले, फुकटचं मिळतं म्हणून लोक पिशवीत खाऊ ठेवत नाहीत, अस्वलं वासावर येतात, वाटेचं वाटोळं होतं.

अरे, तुझं उत्तर तूच सांगून गेलास की! बाई गाडीपाशी बसून होती. पेटीपाशी कुणी नव्हतं. कोक तोच, फरक तेवढाच. तूच मला वाचून दाखवलंस ना, त्या वाटेची निगा राखणारी अ‍ॅपलाचियन ट्रेल कॉन्झर्व्हन्सी काय सांगते ते? खाणं सोडून जाऊ नका, हजर राहा, दारू ठेवू नका, पायवाटेपासून बाजूला बसा, जागा होती तशी करून निघा. माणसाच्या खाण्याची चटक लागलेलं अस्वल माणसाला भीत नाही, वस्तीत शिरतं आणि शेवटी त्यालाच मारावं लागतं. म्हणजे पेटी ठेवणारा घरी जाऊन निवांत झोपतो आणि जीव अस्वलाचा जातो. आपल्याकडं अस्वल नाही, गाय आहे. प्लॅस्टिक तिच्या पोटात जातं.

आता माझं ऐक. हे मी तुझ्या आईलासुद्धा पूर्ण सांगितलेलं नाही.

20 वर्षं झाली असतील. कोजागिरी. दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की आई तुळजाभवानी निद्रेला जाते ती पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर बसते, आणि त्या दर्शनाला सारं सोलापूर तुळजापूरच्या रस्त्यावर उतरतं. तेव्हाही तसंच. 45 किलोमीटर, बहुतेक अनवाणी, रात्रभर "आई राजा उदो उदो". आम्ही वाटेतल्या उळे गावाच्या अलीकडं मसाला दुधाचं पातेलं मांडलं होतं. 40 लिटर. बारा वाजता गर्दी ओसरल्यासारखी वाटली. तुझ्या काकांना सकाळी मागावर कामाला जायचं होतं. मी म्हटलं, ठेवू या तसंच, ज्याचं त्यानं घ्यावं. पळी आत, प्लॅस्टिकच्या पेल्यांची चवड शेजारी, वर ताट झाकलं, आणि आम्ही टेम्पोत बसून घरी आलो. मला फार पुण्य केल्यासारखं वाटत होतं.

पहाटे पातेलं आणायला गेले. ताट बाजूला पडलेलं, तळाशी राहिलेलं दूध फाटलेलं, त्यावर माश्या. पेले वाऱ्यानं उडून शेजारच्या तुरीत, ओळीनं, प्रत्येक झाडाला एक लागल्यासारखे. आणि मैलाच्या दगडाला टेकून एक म्हातारी, मांडीवर सात-आठ वर्षांचा नातू. पोरगं उलट्या करून पांढरंफटक पडलेलं. मी लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजायला लागले. म्हातारी माझ्याकडं बघून म्हणाली, "कुण्या पुण्यवानानं दूध ठेवलं होतं बाई, तेच पोटभर प्यालं लेकरू. देव त्यांचं भलं करो."

मी बोलले नाही. ते पातेलं माझं आहे, हे माझ्या तोंडून निघालं नाही. ती दोघं एका जीपमधनं माघारी गेली. मी तुरीत वाकून पेले वेचत राहिले, ऊन चढेपर्यंत. पोराचं पुढं काय झालं, मला माहीत नाही. दुधानंच झालं की आणखी कशानं, तेही माहीत नाही. पण ती म्हातारी आशीर्वाद देत होती आणि मी तो घेतला.

तेव्हापासून माझा हट्ट. पुढच्या वर्षी दिरानं मोठा मांडव ठरवला. फ्लेक्स, स्पीकर, दोन हजार माणसांची साबुदाण्याची खिचडी, वरनं केळी. मी विचारलं, पत्रावळ्या कोण उचलणार? म्हणाला, महापालिका आहे, गाववाले आहेत. मी म्हटलं, मग मी नाही. तो म्हणाला, "मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी कोठार उघडलं तेव्हा मोजमाप केलं होतं का?" अरे, दामाजींच्या दारात दुष्काळानं मरायला टेकलेली माणसं होती! सोलापुरातल्या रूपाभवानीच्या देवळापासून तळे हिप्परगा गावापर्यंत कोण उपाशी असतं रे? घरून जेवून निघालेली माणसं. दर पन्नास पावलांवर कुणीतरी हातात पुडा कोंबतं. देवीच्या नावानं दिलेलं नाही म्हणवत नाही, म्हणून घेतात, दोन घास खातात आणि पुढच्या खांबापाशी टाकतात. खरी दमछाक तामलवाडीच्या पुढं, पहाटे, पायाला फोड आल्यावर. तिथं मांडव तुरळक, कारण तिथं फ्लेक्स वाचायला कुणी नसतं.

दीर सहा वर्षं आमच्या उंबऱ्याला आला नाही. तुझे काका जाईपर्यंत दोघा भावांत बोलणं नव्हतं. लोक म्हणतात, बाईनं पत्रावळीपायी घर फोडलं. म्हणू देत. मी बरोबर होते. आजही माझं तेच म्हणणं आहे. त्यांच्या शेवटच्या आजारपणात तरी मी आपण होऊन दिराकडं जायला हवं होतं, तेवढं मात्र सलतं. पत्रावळीचं काहीही सलत नाही.

आणि ते "फुकट दिल्यानं चालणारा बिघडतो" हे डोक्यातनं काढ. कुणाचं व्रत किती कडक, हे मोजायला तुला बसवलंय का? कुणी नवसाचं चालतं, कुणी मित्रांसोबत मजेत. ज्याचं त्याच्यापाशी. आपण विचारायचं, "माउली, काय हवं?" बऱ्याच जणांना खायला नकोच असतं. टेकायला सतरंजी हवी असते, पाणी हवं असतं, पायाला कोमट पाणी हवं असतं. हे तुला कळणार कधी? तिथं थांबलास तर. थांबणाऱ्याला दिसतं कोण किती खातो, कोण टाकतो, कोण लाजून पुढं जातो. जो ठेवून निघून जातो, त्याला यातलं काय दिसणार?

म्हणून किती माणसांचं करायचं ते पैशांवरनं ठरवू नकोस, हातांवरनं ठरव. तुम्ही सहा पोरं. सहा जणांना दोनशे माणसांचं उष्टं उचलता येतं, भांडी घासता येतात. तर दोनशेच. उरलेले पैसे ज्याचे त्याला परत दे, त्यात लाजायचं काय? शिजवलेलं ओलं काही नको, ऑक्टोबरच्या उकाड्यात दोन तासांवर त्याचा भरवसा नाही. दूध तर नावच काढू नकोस. कडक भाकरी, शेंगाची चटणी, केळी, पाणी. उपास आहे का ते आधी विचार, लसूण चालतो का ते विचार. पेले स्टीलचे. प्लॅस्टिक-थर्माकोलच्या पेले-ताटांवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, तरी दरवर्षी त्याच तुरीत मला ते सापडतात. आणि दुपारपर्यंत कुणीही हलायचं नाही. "काकू, झोप आली" हे मला ऐकून घ्यायचं नाही.

तुम्ही कडक भाकरीला हसता, मला ठाऊक आहे. मालदांडी ज्वारीची कडक भाकरी पंधरा दिवस टिकते, चालणाऱ्यानं पिशवीत टाकली तर दुसऱ्या दिवशीही तशीच. खिचडीचं काय होतं ते मी बघितलंय.

जागा मी दाखवते. तामलवाडी सोडल्यावर उजव्या हाताला एक मोठं चिंचेचं झाड आहे, रस्त्यापासून जरा आत. त्या शेतकऱ्याला मी दरवर्षी आधी जाऊन विचारते, यंदा तूही बरोबर चल. ज्वारी उद्या दळायला टाकते. दोनशे माणसांच्या चारशे भाकऱ्या धरते, कमीजास्त असेल तर मंगळवारपर्यंत कळव. उष्ट्यासाठी घमेली माझ्याकडं दोन आहेत, तिसरं तू आण. आणि आलास की या वेळी चहा गरम असतानाच पी.

तुझी,
काकू