निम्मे काम आणि निम्मा नफा

प्रश्न : नऊ वर्षांपूर्वी मी आणि माझ्या जुन्या मित्राने सारखे भांडवल घालून धंदा सुरू केला. विश्वासापोटी लेखी करार केला नाही. गेली दोन वर्षे तो दुपारीच निघून जातो. वसुली, गिऱ्हाइकांची बोलणी, पगारांची जुळवाजुळव हे सारे माझ्यावर पडते. नफा मात्र निम्मा-निम्मा वाटला जातो. विषय काढावा तर मैत्री तुटेल, न काढावा तर मी धुमसत राहतो. काय करावे?

उत्तर : आधी कटू भाग सांगतो. इंग्लंडचा १८९० चा भागीदारी कायदा आणि भारताचा १९३२ चा कायदा या बाबतीत एकच सांगतात : भागीदारांत वेगळे ठरलेले नसेल, तर नफातोटा समसमान वाटायचा आणि कामाबद्दल वेगळे वेतन कोणालाच नाही. तुमची तक्रार रास्त आहे, पण आज तिला कागदाचा आधार नाही.

तुमच्या निम्म्या वाट्यात भांडवलाचा, जोखमीचा आणि श्रमाचा असा तिन्हींचा मोबदला मिसळलेला आहे. भांडवल सारखे आहे. जोखीमही सारखीच आहे, कारण साध्या भागीदारीत पेढी बुडाली, तर घेणेकरी दुपारी निघून जाणाऱ्याच्या घरीही तितक्याच हक्काने जातात. तफावत केवळ श्रमात आहे. म्हणून नफ्याच्या वाट्याला हात न लावता, कामाच्या मानाने दोघांचेही मासिक वेतन ठरवावे, ते खर्चात धरावे आणि उरलेला नफा पूर्वीसारखाच वाटावा. ‘तुझा वाटा कमी कर’ या वाक्याने जो अपमान होतो, तो अशा मांडणीत बराचसा टळतो.

तासांचा हिशेब मात्र मांडू नका; तुम्ही मांडलात की तोही पहिल्या वर्षी जागलेल्या रात्री मोजू लागेल. मागील दोन वर्षांची भरपाईही मागू नये, कारण त्या काळात तुम्ही गप्प राहिलात आणि त्याने ती संमती समजली असेल. शिवाय, तो का मागे सरला, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. घरचे आजारपण असेल, थकवा असेल, किंवा (राग मानू नका) सगळे निर्णय तुम्हीच घेऊ लागल्यामुळे त्याला करण्यासारखे काही उरले नसेल. तेव्हा प्रथम विचारा, प्रस्ताव नंतर मांडा. तेही कामगारांच्या कानांपासून दूर, आणि हिशेबनीसाला मध्यस्थ न करता.

ठरेल ते लिहून घ्या. एखाद्याला बाहेर पडायचे झाल्यास त्याच्या हिश्श्याची किंमत कशी काढायची, हेही त्यात असू द्या, कारण वेतनावर एकमत झाले नाही, तर पुढचा प्रश्न तोच असेल.